दर पावसाळ्यात घोडीवरचा स्लॅब पुढे येतो? पोराला रागावण्याआधी घोडीच्या पायाखाली बघा

मी नाशिकला आडगावच्या बाजूला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका मार्बल-ग्रॅनाइट यार्डात सोळा वर्षं काम करतोय. आधी हेल्पर होतो, मग कटिंग मशीनवर, आता माल उतरवून घेणं आणि लावणं माझ्याकडे आहे. लक्षण सांगतो, ज्यांच्याकडे हे होतं त्यांना लगेच ओळखू येईल. घोडीला टेकवून ठेवलेला स्लॅब महिनोन् महिने मुकाट उभा असतो. जुलै उलटला की त्याच घोडीवरचा, त्याच बाजूचा, सगळ्यात पुढचा स्लॅब सुटून पुढे येतो. कधी कुणी हात लावला म्हणून, कधी कुणीही हात न लावता.

(स्लॅब म्हणजे दगडाची अख्खी मोठी फरशी. घोडी म्हणजे तंबूच्या आकाराचा लोखंडी स्टँड, दोन्ही अंगांना स्लॅब टेकवतात तो. काही जण नुसतं स्टँड म्हणतात.)

आमच्याकडे हे लागोपाठ तीन पावसाळे झालं. पहिल्या वर्षी सकाळी गेट उघडलं तर तीन नंबरच्या घोडीपुढे काळ्या ग्रॅनाइटचा अख्खा स्लॅब चार तुकडे होऊन पडलेला. रात्री वारा सुटला होता, म्हणून वाऱ्याच्या नावावर टाकून मोकळे झालो. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकाला पॉलिश दाखवायला एक पोरगा पाण्याचा पाइप घेऊन स्लॅब धूत होता. स्लॅब हलला, पोरगा बाजूला उडी मारून वाचला. त्या वेळी त्यालाच झापलं, की धुताना ओढलंस कशाला. तिसऱ्या वर्षी आमचा सगळ्यात जुना हेल्पर, ज्याला सगळे मामा म्हणतात, घोडीपुढून झाडू मारत चालला होता. त्याच्या पिंढरीवर स्लॅबची कड आली. दोन्ही हाडं मोडली. हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) योगायोगाने यार्डातच होती, म्हणून स्लॅब पाच मिनिटांत उचलता आला. मामा आज कामावर आहे, पण पाय ओढत चालतो. मी रोज त्याला चालताना बघतो, आणि हे लिहितोय ते त्यासाठीच.

तिसऱ्या वेळीसुद्धा पहिला शब्द सगळ्यांच्या तोंडी एकच होता: "मामा, तुम्ही त्याला खांदा लावला असेल." मामाने खांदा लावला नव्हता. त्याच्या झाडूचा दांडा कदाचित लागला असेल. ३०० किलोचा दगड झाडूच्या दांड्याने पडू शकतो, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच खरं वाटत नव्हतं.

आधी वजनाचा आणि झुकावाचा हिशोब

हा हिशोब आता मी नव्या पोराला पहिल्या दिवशी जमिनीवर खडूने काढून दाखवतो. ग्रॅनाइट एका घनमीटरला साधारण २,७०० किलो भरतो. म्हणजे २० एमएम जाडीचा दगड चौरस फुटाला पाच किलो, १८ एमएमचा साडेचार, ३० एमएमचा साडेसात. लांबी-रुंदी फुटात मोजली की तोंडी वजन निघतं. १० बाय ६ चा २० एमएमचा स्लॅब म्हणजे ६० चौरस फूट, म्हणजे ३०० किलो. सिमेंटच्या सहा गोण्या एकावर एक, पण उभ्या आणि पातळ.

आता हा स्लॅब सहा फूट उंचीत उभा आहे असं धरा. तो घोडीकडे जितका झुकलेला, तितका सुरक्षित. त्याला वरच्या कडेला धरून उभा करायला, म्हणजे पडायच्या टोकावर आणायला किती जोर लागतो ते बघा. झुकाव १० अंश असेल तर २६ किलोचा जोर, भरलेल्या गॅस सिलिंडरच्या थोडा खाली. ५ अंश असेल तर १३ किलो. १ अंश असेल तर अडीच किलोच्या आसपास. अडीच किलो म्हणजे काहीच नाही. फडकं मारताना हाताचा तेवढा जोर सहज पडतो.

आणि एकदा का तो सरळ रेषा ओलांडून आपल्याकडे आला की गणित फिरतं. ५ अंश पुढे आलेला स्लॅब १३ किलोत थोपवता येतो, म्हणून माणसाला वाटतं आपण धरला. १० अंशांवर २६ किलो. ३० अंशांवर ८७ किलो. तोवर डोळ्याची पापणी लवलेली असते. बहुतेक माणसं इथेच सापडतात: सुरुवातीला हलका वाटला म्हणून धरून ठेवतात, आणि सोडायची वेळ निघून जाते. त्यामुळे आमच्याकडे एकच ओरड ठरलेली आहे, "सोड!" पडणारा स्लॅब धरायचा नाही, कितीही महाग असो. मालकांनी हे सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, हे फार बरं झालं. कारण पोरं स्लॅब धरायला धावतात ते जीव स्वस्त वाटतो म्हणून नव्हे, पगारातून कापतील या भीतीने धावतात. ज्या यार्डात फुटलेल्या मालाचे पैसे हेल्परच्या पगारातून कापतात, तिथे बाकीचे सगळे उपाय करून उपयोग नाही. आधी ते बंद करा.

कारण कसं सापडलं

मामाच्या अपघातानंतर कंपाउंडची भिंत बांधायला एक म्हातारे गवंडी आले होते. दुपारच्या डब्याच्या वेळी ते तीन नंबरच्या घोडीकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "दादा, तुमची घोडी पेंगतीय." मी म्हटलं, "म्हणजे काय बाबा?" त्यांनी खिशातून ओळंबा काढला, घोडीच्या माथ्यावरच्या पाइपाला दोरा बांधून खाली सोडला, आणि लोंबणारा गोळा शांत होईपर्यंत हाताचा आडोसा धरून बसले. तो गोळा थांबायला मिनिटभर लागलं असेल. मग दोऱ्यापासून, स्लॅब टेकतात त्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या अंगांच्या बुडापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. एका बाजूला सव्वानऊ इंच. दुसऱ्या बाजूला सव्वातीन.

घोडी बनवून घेतली तेव्हा दोन्हीकडे सव्वासहा-सव्वासहा होतं. सहा फुटांत सव्वासहा इंच म्हणजे ५ अंशांचा झुकाव. (तो मुळातच कमी होता, त्याविषयी पुढे.) एका बाजूचा पाय दोन इंच खचला होता आणि खाली चार फूट रुंद असलेली घोडी तेवढी कलली होती. खचलेल्या बाजूचे स्लॅब जवळजवळ उभे झाले होते, उलट बाजूचे आणखी निवांत टेकले होते. तीनही वर्षं स्लॅब एकाच बाजूने का आला, ते तिथे कळलं.

पाय का खचला, तर वर पत्र्याच्या शेडची पन्हाळ फाटलेली. पावसाचं सगळं पाणी घोडीच्या त्याच एका पायाशी ओतलं जात होतं. खाली बोटभर खोल खड्डा, त्यात हिरवं शेवाळ, आणि पायाची प्लेट त्या खड्ड्यात अर्धी बुडालेली. तीन वर्षं आम्ही त्याच शेवाळावरून ये-जा करत होतो.

ज्यांना नाशिकची जमीन माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. इथला पायाचा दगड बेसाल्ट, आणि तो झिजून झालेली काळी माती. ती पावसात पाणी पिऊन फुगते, मऊ होते, आणि उन्हाळ्यात आटून भेगा पडतात, इतक्या की त्यात हात जातो. मे महिन्यात लेव्हल लावून घोडी बसवली तर ती मेपुरती लेव्हल. यार्डात वरून फरशीचे तुकडे किंवा पातळ काँक्रीट टाकलं की आपल्याला वाटतं जमीन पक्की झाली. खाली काळी मातीच असेल तर ते काँक्रीट मातीबरोबर हलतं. दर पावसाळ्यात हेच का होतं, याचं उत्तर मातीत आहे.

पण दोन इंच खचूनही सव्वातीन इंच झुकाव उरला होता, म्हणजे अडीच अंश. तेवढ्यावर झाडूच्या दांड्याने पडायला नको. उरलेली चूक आमच्या हातची होती. पॉलिशला ओरखडे पडू नयेत म्हणून दोन स्लॅबांच्या मध्ये आम्ही वरच्या कडेला लाकडी पट्ट्या घालायचो, पाचेक एमएमच्या. फक्त वर. खाली काही नाही, कारण खाली स्लॅब लाकडावर उभा असतो आणि तिथे कुणाचं लक्ष जात नाही. दहा स्लॅबांना दहा पट्ट्या, म्हणजे ५० एमएम, म्हणजे दोन इंच. सगळ्यात पुढच्या स्लॅबचं डोकं दोन इंच पुढे ढकललं गेलेलं, पाय तिथेच. सव्वातीनातून दोन गेले, सव्वा इंच उरला. सहा फुटांत सव्वा इंच म्हणजे १ अंश.

अडीच किलोचा जोर. झाडूचा दांडा.

फाटलेली पन्हाळ, खाली काळी माती, वरच्या पट्ट्या आणि मुळातच कमी झुकावाची घोडी. यातलं एकेक काहीच बिघडवत नव्हतं. पोरांनी काही चुकीचं केलंच नव्हतं. मी त्या दुसऱ्या वर्षीच्या पोराला बोलावून त्याची माफी मागितली.

तुमच्याकडे तपासायचं कसं

ओळंबा लागतो, टेप लागतो आणि एक माणूस. भरलेल्या घोडीपुढे उभं राहून मोजायचं नाही, डोक्याच्या बाजूने, म्हणजे घोडीच्या टोकाशी उभं राहून मोजायचं. दोन्ही टोकांना मोजा, कारण चार पायांतला एकच खचला असेल तर घोडी पिळते आणि एका टोकाला आकडा बरोबर दिसतो. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे यायला हवेत. अर्ध्या इंचाचा फरक दिसला की मी त्या घोडीवर नवीन माल चढवत नाही. इंचाचा दिसला की हायड्रा बोलावून ती रिकामी करतो.

मग सगळ्यात पुढच्या स्लॅबचा झुकाव वेगळा मोजा. घोडी बरोबर असूनही पुढचा स्लॅब उभा असू शकतो, पट्ट्यांमुळे, किंवा मागे छोटा आणि पुढे मोठा स्लॅब लावल्यामुळे. छोट्या स्लॅबच्या डोक्यावरून मोठ्याचं डोकं मागे वाकत नाही, मध्येच अडतं. मोठे मागे, छोटे पुढे. आणि स्लॅबच्या मागे जाळी चिकटवलेली असेल तर त्या रेझिनचे गोळे कुठे आलेत ते बघा. वरच्या कडेला आलेले दोन-तीन गोळेही पट्टीचंच काम करतात.

आता आम्ही मोजमाप घोडीवरच पेंटने लिहून ठेवलंय: बसवली ती तारीख, दोन्ही टोकांचे दोन्ही आकडे. जूनपासून दिवाळीपर्यंत दर सोमवारी सकाळी ओळंबा लागतो, बाकी वर्षात महिन्यातून एकदा. पाच घोड्यांना पंधरा-वीस मिनिटं जातात.

दुरुस्ती

पहिला खर्च पन्हाळीचा, आणि तोच सगळ्यात स्वस्त. पत्र्याचं पाणी घोड्यांपासून लांब नेलं. घोड्यांच्या मागे गटार काढलं.

मग पाया. घोडी रिकामी करून खालची काळी माती दोन फूट काढली, मुरूम भरून थराथराने पाणी मारून रोलर फिरवला, वर दगडाचं सोलिंग, त्यावर जाळी टाकून काँक्रीट. एका घोडीवर दोन्ही बाजूंना दहा-दहा स्लॅब म्हणजे सहा टन वजन चार पायांवर येतं, हे इंजिनिअरला सांगून जाडी ठरवून घ्या. मी माझी जाडी इथे लिहीत नाही, कारण तुमच्या खालची जमीन वेगळी असेल. घोडीचे पाय काँक्रीटला अँकर फास्टनरने आवळले, आणि चारही पाय खाली चॅनलने एकमेकांना जोडले, म्हणजे एकटा पाय खचू शकत नाही.

घोड्यांचा झुकावही वाढवून घेतला. ५ अंश आम्हाला जुन्या फॅब्रिकेटरने जागा वाचवायला दिले होते. आता १० अंशांच्या आसपास आहेत, सहा फुटांत साडेबारा ते तेरा इंच. जागा थोडी जास्त जाते, पण पुढचा स्लॅब उभा करायला दुप्पट जोर लागतो.

पट्ट्या आता वर आणि खाली सारख्याच जाडीच्या. रबराच्या घेतल्यात, लाकडी पट्टी भिजून फुगते. स्लॅबच्या बुडाखालचं लाकूडही दरवर्षी पावसाळ्यानंतर बदलतो, कुजलेलं लाकूड दाबलं जाऊन स्लॅबचा पाय सरकतो.

आणि घोडी दोन्ही बाजूंनी सारखी रिकामी करायची. एका बाजूचा माल खपतोय म्हणून तीच बाजू मोकळी होत गेली, तर बोल्ट नसलेली घोडी भरलेल्या बाजूला अख्खी आडवी होऊ शकते. हे आमच्याकडे झालेलं नाही. सातपूरला एका ठिकाणी आडवी झालेली घोडी मी स्वतः बघितलीय. सुदैवाने दुपारची सुट्टी होती.

मधला स्लॅब काढणं

यावर सगळ्यात जास्त लिहायला हवं, कारण घोडी कितीही पक्की असो, इथे माणूस स्वतः स्लॅब पुढे ओढतो.

गिऱ्हाईक येतं. बरोबर बायको, सासूबाई, आर्किटेक्ट. त्यांना सहाव्या नंबरचा स्लॅब बघायचा असतो. मग दोन पोरं पुढचे पाच स्लॅब पुस्तकाच्या पानांसारखे पुढे घेतात, एक छातीवर तोलून धरतो, दुसरा मागचा दाखवतो. सगळ्या यार्डांत हे चालतं, मी स्वतः शेकडो वेळा केलंय. पाच स्लॅब म्हणजे दीड टन. ते ५ अंश पुढे आले तर अगदी वरच्या कडेला धरूनही ६५ किलो. १० अंशांवर १३० किलो. पाण्याने पाय सरकला, सासूबाईंनी काही विचारलं म्हणून मान वळली, की १० अंश व्हायला काही लागत नाही. आणि गिऱ्हाईक नेमकं समोर उभं असतं.

हे आम्ही बंद केलं, आणि बंद करणं सोपं गेलं नाही. "मग दाखवायचं कसं?" हा मालकांचा प्रश्न रास्त होता. त्यावर दोन गोष्टी केल्या. माल उतरतानाच, हायड्राला लटकलेला असताना, प्रत्येक स्लॅबचा समोरून फोटो काढतो, कडेला नंबर टाकतो. दोरीने स्थिर करून, लांबून, आणि दिवसाच्या उजेडात. गिऱ्हाईक ऑफिसात चहा पीत मोबाइलवर नंबर निवडतं. निवडलेले दोन-तीन नंबर आम्ही हायड्राने काढून मोकळ्या घोडीवर लावून मग त्यांना बोलावतो. दुसरं, जो माल जास्त खपतो त्याच्यासाठी खुंट्यांची घोडी केली: खाली चॅनलला भोकं, त्यात जाड पाइपाचे उभे खुंटे, प्रत्येक दोन स्लॅबांमागे एक खुंटा. पुढचा पुढे आला तरी खुंट्याशी थांबतो. खुंटा पुरेसा जाड आणि पुरेसा उंच हवा, स्लॅबच्या अर्ध्या उंचीच्या वर तरी. आम्ही पहिल्यांदा गुडघ्याइतके केले होते, ते बघून गवंडीबाबा म्हणाले, "याने स्लॅब अडणार नाही, उलट अडखळून पडेल." खरं होतं. कापून पुन्हा केले.

घोड्यांपुढे आता पिवळी रेघ आहे. स्लॅब पडला तर त्याचं डोकं जिथपर्यंत येईल, त्यात आणखी तीन फूट मिळवून ही रेघ मारलीय: सहा फुटी स्लॅबला नऊ फूट. या जागेला आमच्याकडे पडछाया म्हणतात. नाव मामाने दिलं. रेघेच्या आत कुणी उभं राहायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, डबा खायचा नाही. गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगतो, "ताई, जरा रेघेच्या बाहेर या, मी दाखवतो." आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही. लहान मुलांना यार्डात सोडत नाही, ऑफिसात बसवतो.

ट्रकवरून उतरवताना

राजस्थानातून, किशनगडकडून येणारा मार्बल आणि दक्षिणेकडून येणारा ग्रॅनाइट, दोन्ही ट्रकमध्ये उभेच येतात, मधल्या लाकडी किंवा लोखंडी घोडीला टेकवून. शेकडो किलोमीटर हादरे खाल्लेले. दोर सैल झालेले असतात, पाचरी निसटलेल्या असतात. ड्रायव्हरभाऊ रात्रभर जागा, त्याला निघायची घाई. माथाडी टोळीचा मुकादम घड्याळ बघतोय. सगळ्यात वाईट पाच मिनिटं ही आहेत.

दोर सोडण्याआधी ट्रक सपाट जागेवर आहे का, हे पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा. आमच्या गेटाशी उतार आहे, म्हणून गेटात ट्रक उतरवत नाही, पाऊस असला तरी आत घेतो.

स्लॅब आणि ट्रकचा फाळका यांच्या मधल्या फटीत कुणीही उतरायचं नाही. तिथून पळायला जागा नसते. क्लॅम्प (स्लॅब पकडून उचलायचा चिमटा) लावायचा तर डोक्याच्या बाजूने, वरून, शिडीवरून.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना सुचते. ट्रक पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांवर उभा असतो. डाव्या बाजूचे सगळे स्लॅब आधी उतरवले की डावीकडचे पाटे मोकळे होतात आणि ट्रक उजवीकडे कलतो. उजवे स्लॅब डावीकडे टेकलेले असतात, ट्रक उजवीकडे कलला की तेच स्लॅब उभे होतात. म्हणजे जी चूक आमच्या घोडीला काळ्या मातीने तीन वर्षांत केली, ती ट्रकचे पाटे अर्ध्या तासात करतात. एक डावीकडचा, एक उजवीकडचा असं आळीपाळीने उतरवा. ज्या बाजूचा स्लॅब उचलत नाही, त्या बाजूचा दोर सोडू नका. मुकादमाला हे एकदा उलगडून सांगितलं. आता आमच्याआधी तोच ओरडतो.

हायड्राचं थोडक्यात. क्लॅम्पचं रबर आणि स्लॅबचा तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसायचा, ओल्या पॉलिशवर आणि चिकट स्लरीवर क्लॅम्प सरकतो. स्लॅबच्या मधोमध धरायचा. दोन बोटं उचलून थांबायचं, सरकत नाही ना बघायचं, मग पुढे. दिशा द्यायला दोन टोकांना दोन दोऱ्या, हाताने स्लॅबला धरायचं नाही. वारं असेल तर थांबायचं. साठ चौरस फुटांचं शीड आहे ते. उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर यांची निदान बारा महिन्यांतून एकदा जाणकार माणसाकडून पूर्ण तपासणी आणि त्यावर किती वजन झेपतं हे स्पष्ट लिहिलेलं असणं, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ मध्ये घातली गेली होती. तुमचं यार्ड कारखान्यात मोडो न मोडो, क्लॅम्पवर वजनाचा आकडा नसेल तर तो क्लॅम्प वापरू नका. उचलायच्या पट्ट्याला चीर दिसली की तो पट्टा कापून टाका. नुसता बाजूला ठेवला तर दुपारी दुसरं कुणीतरी वापरतं.

साइटवर, ओट्याचा दगड

अंबड, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, सगळीकडे बिल्डिंगा उभ्या राहतायत, आणि ओट्याचा दगड लिफ्टमध्ये मावत नाही. ८ बाय २ चा २० एमएमचा तुकडा ८० किलो भरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या वजनाला ५५ किलोंची वरची रेषा धरलेली आहे. म्हणजे एकट्याने नाहीच. दोघांनी घेतला तरी जिन्यात खालच्या माणसावर अर्ध्याहून जास्त भार येतो, म्हणून जिन्याला आम्ही तिघं-चौघं देतो आणि प्रत्येक मजल्यावर टेकवतो. टेकवताना भिंतीला "जरा" टेकवायचा नाही. बुड भिंतीपासून हातभर पुढे, आणि समोर पाचर. सिंकचं भोक पाडलेला तुकडा नेहमी उभा धरून न्यायचा, आडवा धरला की भोकापुढची बारीक पट्टी तुटते आणि धार पायावर येते. भोक शक्य असेल तर वर नेल्यावरच पाडा, पाणी मारून. कोरड्या कटिंगची धूळ फुप्फुसात राहते.

पडलाच तर

१०८ ला फोन. दबलेल्या माणसाला ओढू नका, स्लॅब उचला, आणि त्याआधी घोडीवरचे उरलेले स्लॅब एका दोराने बांधून घ्या, कारण एक सुटला की मागचाही सुटायच्या बेतात असतो आणि सोडवायला गेलेला त्याच्याखाली सापडतो. छातीवर असेल तर एक क्षण थांबायचं नाही. हात-पाय बराच वेळ दबलेला असेल तर कधी दबला ती वेळ लक्षात ठेवून १०८ च्या डॉक्टरांना फोनवरच सांगा आणि ते म्हणतील तसं करा. बराच वेळ दबलेला भाग एकदम मोकळा झाला तर शरीरावर वेगळा घाला येऊ शकतो. हायड्रावाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मामाच्या वेळी हायड्रा यार्डात होती. नसती तर आम्ही कुणाला फोन केला असता, हे त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं.

यंदाचं सांगतो. एक, दोन, तीन आणि पाच नंबरच्या घोड्यांचे आकडे पाऊस सुरू झाल्यापासून एक सूतही हललेले नाहीत. चार नंबरचा पाया आम्ही पैसे वाचवायला जुनाच ठेवला होता, फक्त पन्हाळ बदलली होती. मागच्या सोमवारी तिच्या मागच्या टोकाला पाऊण इंचाचा फरक आला. मंगळवारी हायड्रा बोलावून ती रिकामी केली, आता मामा तिथे उभा राहून काळी माती काढून घेतोय.